घ्याले कोन आलं?

आमचे ड्रेसर, म्हणजे दवाखान्यातले मलमपट्टीचे मदतनीस, इंगळे बैलाला भूल द्यायच्या आधी त्याचं नाव विचारत. कागदावर लिहायला नव्हे. कागदावर 'बैल, तांबडा, उजवं शिंग' एवढं लिहिलं की सरकारचं समाधान होत असे. इंगळ्यांचं होत नसे. बैल दोरखंडाने पाडलेला, चारही पाय बांधलेले, मी मानेच्या शिरेत सुई घालून तयार, आणि औषधाची बाटली उंच धरायचं काम ज्यांचं, ते इंगळे बाटली गुडघ्यापाशी धरून मालकाला विचारताहेत, "घरी याले काय म्हनता?"

बाटली खाली असली की औषध शिरेत उतरत नाही. हे इंगळ्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"बैलाले काय म्हनाव जी? बैल म्हन्तो," मालक म्हणे.

"तुमाले घरी मानूस म्हन्तात काय?"

मालक गोंधळून माझ्याकडे बघे. मी इंगळ्यांकडे बघे. इंगळे बाटलीकडे. शेवटी चारचौघांत काहीतरी खाजगी सांगावं लागतंय अशा चेहऱ्याने मालक पुटपुटे, "लाल्या म्हन्तो." मग बाटली वर जाई. पण अर्धीच. कारण दुसरा प्रश्न उरलेला असे. "आन् लाल्याले घ्याले कोन आलं?"

या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला तिथे काही महिने काढावे लागले.

मी मूळचा साताऱ्याकडचा, शिकलो मुंबईला. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि नव्या राज्याने मला पहिली नेमणूक दिली ती वरवट बकालच्या गुरांच्या दवाखान्यात. नकाशावर गाव सापडेना तेव्हा वडील म्हणाले, "जाऊन तर बघ, नसलं तर परत ये." गाव होतं. दवाखानाही होता, दोन खोल्या, एक पत्र्याचा मांडव, मोठं अंगण, त्यात एक कडुलिंब, आणि बादल्यांवर अजून जुन्या प्रांताची इंग्रजी अक्षरं. बोली कानाला नवी. पहिल्याच सकाळी इंगळ्यांनी मला "साहेब, चहा घेऊन राह्यले काय?" म्हणजे 'चहा घेताय ना?' असं विचारलं, तेव्हा हा माणूस माझ्या चहा पिण्यावर टीका करतोय असं वाटून मी जरा ताठच उत्तर दिलं होतं.

इंगळे पन्नाशीच्या पुढचे. उंच, वाळके, मिशा मात्र दोघांना पुरतील एवढ्या. खाकी हाफपँट, खांद्यावर फिनेलचा वास मारणारा टॉवेल. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकटेच राहत, स्वतःच भाकरी थापत. मागेपुढे कुणी नाही. मस्टरवर त्यांचं नाव सुखदेव इंगळे असं होतं, पण ते मस्टरपुरतंच. गावाला ते नुसते 'डरेसर'. सरपंच 'डरेसर' म्हणे, पोस्टमन 'डरेसर' म्हणे, पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या 'डरेसरभाऊ' म्हणत. मी 'इंगळे' म्हणे. तेही बहुतेक ओरडून.

ओरडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच: ऑपरेशननंतरचं त्यांचं राज्य.

त्या भागात बैलांना शिंगाचा कॅन्सर फार होई. शिंग मुळापासून कापून काढायचं, एवढाच उपाय. कापाकापीचं मला कधी भय वाटलं नाही. भय पुढचं. रवंथ करणारं जनावर आडवं राहिलं की पोटात वारा धरतं, फुगतं. तोंडात आलेलं पाणी छातीत गेलं की खेळ खलास. म्हणून भूल उतरेपर्यंत त्याला एका अंगावर राहू द्यायचं नाही. छातीवर बसतं करायचं, दोन्ही कुशींना टेकू द्यायचा, मान अशी ठेवायची की लाळ बाहेर गळत राहील. इंगळे त्यासाठी कुटाराने भरलेली दोन पोती ठेवत. कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. ही पोती त्यांच्या खास मालकीची. त्यांवर दुसरं कुणी बसलं तर इंगळ्यांना आवडत नसे.

इथपर्यंत सगळं शास्त्राप्रमाणे. इथून पुढे इंगळ्यांचं स्वतःचं शास्त्र सुरू होई.

अंगणातल्या कोंबड्या आधी हाकलल्या जात. मग बघे. मग ज्यांच्या चपला करकरतात ते. उरलेल्यांनी लिंबाखाली गप बसायचं. आणि "मेला काय?" हा प्रश्न जो कोणी विचारील त्याला फाटकाबाहेर काढलं जाई, मग तो बैलाचा मालक का असेना.

"मेला नाही. गावाले गेला. येऊन राह्यला," इंगळे खालच्या आवाजात सांगत.

"कोन्या गावाले जी?" एकदा एका भाबड्या शेतकऱ्याने विचारलं.

"ते त्यालेच मालूम. आपन कुठी पाह्यलं?"

हे त्यांचं भूलशास्त्र. भूल दिली म्हणजे जनावर गावाला गेलं. आणि गावाहून परत येणाऱ्याला घ्यायला मोटरीवर घरचं माणूस गेलंच पाहिजे. "मोटरीतून उतरलं आन् आपलं कोनी दिसलं नाही तं मानूस कावराबावरा होते का नाही? मंग हे तं जनावर हाये. त्याले दोरीनं पाडलं, अंधारात धाडलं. वापस आल्यावर पहिलं तोंड कोनाचं दिसाव? तुमचं?"

माझ्या तोंडाबद्दल त्यांना वैयक्तिक राग नव्हता. सुई टोचणाऱ्याचं तोंड, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून जो रोज चारा घालतो त्याने बैलाच्या डोक्याशी बसायचं आणि घरच्या नावाने हाक मारत राहायचं. मोठ्याने नाही, गोठ्यात मारतो तशी. इंगळे दुसऱ्या बाजूला उकिडवे बसून बैलाच्या कानाकडे टक लावून बघत. कान हलला की त्यांचा एक हात वर जाई. सगळं अंगण श्वास रोखून धरे. "आला," ते म्हणत. "या राजेहो, या. घाई नाही." बैल लगेच उठायची धडपड करी, पाय फाकत, आणि इंगळे त्याच्या मानेवर आपलं सगळं वजन टाकून "घाई नाही, घाई नाही" करत. त्यांचं वजन ते केवढं. पण बैल ऐकत, हे खरं.

हाक मारल्याने जनावर लवकर शुद्धीवर येतं याला शास्त्रात काही आधार नाही. मी तेव्हाही हे इंगळ्यांना सांगत होतो. ते म्हणत, "लवकर यावं म्हनून कोन म्हन्तो? नीट यावं."

एकदा मात्र या नावाच्या नादाने आमची चांगलीच फजिती केली. सोनाळ्याकडून एक जोडपं बैल घेऊन आलं. नवरा रंगराव नावाचा, अंगाने आडवा, बोलायला हसरा. चारा घालायचं काम बायकोचं, म्हणून हाक मारायला इंगळ्यांनी बायकोला बसवलं. बैलाचं नाव विचारलं तर बाई पदर तोंडाला लावून हसू लागली. सांगेचना. इंगळ्यांच्या हातात बाटली खाली, माझा हात सुईवर अवघडलेला.

"सांग ना वं," नवरा म्हणाला आणि स्वतःच लाजला. मग त्यानेच सांगितलं. बैल विकत घेतला तेव्हा आधीच्या मालकाने त्याचं नाव रंग्या ठेवलेलं. घरात एक रंगा आधीपासून होताच. आता नवऱ्याचं नाव बाईने घ्यावं कसं?

"मंग गोठ्यात हाक कशी मारता, बाई?" इंगळ्यांनी गंभीरपणे विचारलं.

उत्तर ऑपरेशननंतर मिळालं. बैल छातीवर बसवला, दोन्हीकडे पोती लावली, अंगण चिडीचूप झालं, आणि बाई बैलाच्या कानाशी वाकून म्हणाली, "अवो. आयकलं काय?"

"काय वं?" लिंबाखालून रंगराव म्हणाला.

"तुमाले नाई," बाई म्हणाली. "अवो, उठा ना आता. किती येळ निजता?"

"मी कुठी निजलो?" रंगराव म्हणाला.

मी आत जाऊन कपाटात तोंड घालून हसून आलो. बाहेर येतो तर इंगळ्यांचा चेहरा जराही हललेला नाही. हात वर. "आला," ते म्हणाले, "कान हलला. बोला बाई, आखीन बोला." आणि बाई बोलतच राहिली. घरचं काय, पाण्याचं काय, तुमच्यावाचून जोडीदार कसा चारा सोडून उभा आहे ते सगळं. रंगराव नंतर मला हळूच म्हणाला, "डाक्टरसाहेब, माह्याशी इतली कधी बोलली नाही."

दुसरी गोष्ट एका मोठ्या जमीनदाराची. त्यांचा बैल पोळ्याला पहिल्या मानाचा, पितळी साज, शिंगांना शेंदूर. नाव त्यांनी छाती काढून सांगितलं, "शहाजादा." भूल उतरायच्या वेळी स्वतः खुर्ची टाकून बसले आणि खणखणीत आवाजात "शहाजादा! शहाजादा!" करू लागले. बैल ढिम्म. इंगळ्यांनी त्यांना थोडा वेळ करू दिलं. मग फाटकाशी उभ्या असलेल्या त्यांच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, जवळ बोलावलं. "तू काय म्हन्तो बे याले?"

गडी मालकाकडे बघून चाचरला. "ढोल्या," तो म्हणाला.

शहाजाद्याचा कान हलला. जमीनदार खुर्ची घेऊन लिंबाखाली गेले.

हे किस्से मी घरी जाऊन सांगे आणि माझी बायको मालती पोट धरधरून हसे. तिला इंगळे फार आवडत. सणावारी ती त्यांना जेवायला बोलावी. ते येत, पाटावर अवघडून बसत, सगळं वाढलेलं संपवत आणि "भाजी बेस झालती, बाईसाहेब" एवढं बोलून जात. त्यांचं लग्न का झालं नाही हा मालतीचा कायमचा अभ्यासाचा विषय होता. त्या अभ्यासाला एक वर्षी अचानक सामग्री मिळाली: इंगळे दर रविवारी सायकलवरून पातुर्ड्याला जायला लागले.

काम विचारलं तर म्हणत, "असंच जी." मिशीला तेल लावून, धुतलेला सदरा घालून जात. दुपारी जात, ऊन कलताना परत येत. येताना चेहरा शांत, जेवण झालेल्या माणसासारखा.

"तिथं कुणीतरी आहे," मालती म्हणाली.

"या वयात?"

"या वयातच असतं. विधवा असेल. तुम्ही विचारा ना."

मी विचारलं नाही. पण मालतीने पातुर्ड्याच्या बाईचं रूप, स्वभाव आणि घर इतकं बारकाईने ठरवून टाकलं होतं की पुढे पुढे मलाही ती ओळखीची वाटू लागली.

याच सुमारास, म्हणजे पातुर्ड्याच्या वाऱ्या सुरू व्हायच्या थोडं आधी, कोंडवाड्यातला एक बैल आमच्याकडे आला होता. मोकाट सापडलेला, अंगावर चाबकाचे जुने वण, झुंजीत शिंग मोडून लोंबलेलं. पंचायतीचा शिपाई त्याला सोडून निघून गेला. मालकाचा पत्ता नाही. इंगळ्यांनी बाटली हातात घेतली, आणि पहिल्यांदाच त्यांना विचारायला समोर कुणी नव्हतं. ते बैलाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"इंगळे, बाटली," मी म्हणालो.

"याले नाव नाही, साहेब."

"तरी शिंग मोडलंय. बाटली वर करा."

त्यांनी केली. शिंग काढलं. जखम बांधली. पोती लावली. मग मी आत हात धूत असताना खिडकीतून आवाज आला. इंगळे बैलाच्या डोक्याशी बसले होते, चारा घालणाऱ्याच्या जागेवर, आणि अगदी हळू, जरा लाजल्यासारखे म्हणत होते, "छबू. छबू रे. ये. मी हाये ना."

एवढं धिप्पाड, मारकुटं जनावर, आणि नाव छबू! मी मालतीला सांगितलं, ती दोन दिवस हसत होती. पुढे त्या बैलाचा लिलाव झाला. नेताना नवा मालक नाव काय ठेवावं म्हणत होता, तेव्हा इंगळे आपणहून पुढे झाले. "नाव हाये त्याले. छबू. तेच ठेवजा. दुसरं ठेवलं तं आयकनार नाही." शेतकरी हसला, पण त्याने ते कबूल केलं.

तो शेतकरी पातुर्ड्याचा होता. हे मला त्या वेळी ठाऊक होतं. पण डोक्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी पडून राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत, तसं झालं.

मग एके दिवशी म्हशीला उठवताना इंगळे मध्येच थांबले आणि भिंतीला टेकून खाली बसले. चेहरा राखेसारखा. मी त्यांना आत नेऊन तपासलं. जांघेत हर्निया, चांगला लिंबाएवढा, आणि कधीचा कोण जाणे.

"हे कधीपासून?"

"हाये बा कधीचं. दाबलं का जाते आत."

"एखाद्या दिवशी जाणार नाही. आतडं अडकेल, पीळ पडेल आणि खामगावला पोचायच्या आत मराल. ऑपरेशन करून घ्या."

"तुमी जनावराचे डाक्टर, साहेब. मानसाचं काऊन पाहता?" ते हसून म्हणाले आणि सदरा खाली ओढला.

तिथून त्यांची टाळाटाळ सुरू झाली. आधी म्हणे पोळा होऊ द्या. पोळा झाला. मग म्हणे कापूस निघू द्या. जणू त्यांचं शेत होतं. मग म्हणे बैलांजवळ कोण बसेल. मी चिडलो, समजावलं, वरच्या कचेरीत कळवीन असा दम दिला. म्हशीची गोष्ट घडल्यापासून त्यांना दोनदा तसंच दुखलं होतं आणि दुसऱ्या वेळी गाठ आत जाईना. बऱ्याच वेळाने गेली. एवढ्या बैलांची शिंगं कापणारा मी, पण त्या दिवशी खाटेवर विव्हळत पडलेल्या इंगळ्यांकडे बघून मला धड पाणीसुद्धा ओतता येईना.

"इतकी भीती कशाची वाटते तुम्हाला? सुरीची?" मी विचारलं.

"नाही जी."

"भुलेची?"

"जायची भीती नाही," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "वापस येतानी घ्याले कोन?"

मग मी म्हणालो, "मी येतो."

इंगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. "तुमचा आवाज आयकून आलो तं मले वाटन ड्युटीले उशीर झाला."

पण नाही म्हणाले नाहीत.

खामगावला आम्ही एस.टी.ने गेलो. इंगळ्यांनी बरोबर वळकटी घेतली, लोटा घेतला आणि कुटाराची दोन्ही पोती घेतली. मी हात जोडले, पण पोती टपावर चढलीच. कंडक्टरने विचारलं, "चारा घेऊन चालले, जनावर कुठी हाये?"

"मीच हाये," इंगळे म्हणाले आणि खिडकीशी बसले.

दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी पोती दारात अडवली. इंगळ्यांनी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं की भूल उतरताना एका अंगावर राहणं बरं नाही, पोट फुगतं. सिस्टर म्हणाल्या, माणसाचं फुगत नाही. "पक्कं काय?" इंगळ्यांनी विचारलं. शेवटी एक पोतं व्हरांड्यात राहिलं आणि एक, माझ्या बसण्यासाठी म्हणून, खाटेजवळ आलं. मग सर्जन आले आणि त्यांनी विचारलं, काल रात्रीनंतर काही खाल्लं नाही ना? इंगळे अभिमानाने म्हणाले, "परवापासून चारा बंद हाये." आम्ही बैलांना तसंच उपाशी ठेवत असू. सर्जन माझ्याकडे बघत राहिले. मी छताकडे बघितलं.

आत न्यायला थोडा वेळ होता. खाटेवर पाय लांब करून पडलेले इंगळे एकाएकी फार लहान दिसत होते. मिशा तेवढ्या मोठ्या. मी पोत्यावर बसलो होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"घरी काय म्हणत तुम्हाला?"

"सुखदेव."

"ते मस्टरवर. घरी?"

"घर कुठी हाये, साहेब?"

"होतं ना कधीतरी."

शेजारच्या खाटेभोवती नातेवाइकांचा गराडा होता. कुणी संत्रं सोलत होतं, कुणी पाय चेपत होतं. इंगळे तिकडे बघत होते.

"माय छबू म्हने," ते म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "तो कोंडवाड्यातला बैल..."

"हाव. त्याले देलं. माह्याजवळ पडूनच होतं ना. माय गेली तवापासून कोनी वापरलंच नाही. पोर होतो म्या तवा." ते हसले. "चांगला मानूस भेटला त्याले. वखर हानतानी मोठ्यानं हाक मारते. छबू, फीर रे. छबू, हो मागं. बांधावर बसलं का बेस आयकू येते."

"रविवारी?"

"हाव. रविवारी."

मला फार वाईट वाटलं. असा एक माणूस माझ्यापासून भिंतीपलीकडे राहत होता, आणि आपलं नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकायला सायकल मारत दुसऱ्या गावच्या बांधावर जाऊन बसत होता. मालतीने रचलेली ती पातुर्ड्याची बाई खरी असती तर किती बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं. तेवढ्यात ढकलगाडी आली. इंगळे त्यावर चढताना म्हणाले, "साहेब, लई जोरानं नका वरडू. गोठ्यात मारतेत तशी."

ऑपरेशन नीट झालं. त्यांना परत आणून खाटेवर ठेवलं, तेव्हा तोंड उघडं, श्वास घरघरता, सगळ्या वॉर्डात क्लोरोफॉर्मचा गोडूस वास. मी सवयीने मान एका अंगाला वळवली, हनुवटी पुढे ओढली. सिस्टर गालावर चापट्या मारत म्हणत होत्या, "सुखदेव! सुखदेव इंगळे! डोळे उघडा!" काही नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

मी पोतं ओढून उशाशी बसलो. शेजारच्या खाटेवरची सगळी मंडळी संत्रं खायचं थांबवून माझ्याकडे बघत होती. मी सरकारी डॉक्टर, अंगात कोट. समोर माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा माणूस. दोन वेळा खाकरलो.

"छबू," मी म्हणालो.

ते फारच हळू झालं. मलाच ऐकू आलं नाही.

"छबू. छबू रे. ये. मी आहे ना इथं. घाई नाही."

कुणीतरी हसलं. हसू दे म्हटलं. मी इंगळ्यांच्या कानाकडे बघत होतो. माणसाचा कान हलत नाही हे मला माहीत असूनही. छबू म्हणालो, पुन्हा म्हणालो. कापूस किती निघाला ते सांगितलं, पातुर्ड्याचा बैल बरा आहे ते सांगितलं, मालतीने तुझ्यासाठी लोणचं घातलंय म्हणून सांगितलं. कधी 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो ते कळलं नाही.

पापणी हलली.

मग डोळे उघडले. आधी नुसतेच, मग नीट. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बसलो होतो त्या पोत्याकडे बघितलं, शेजारच्या खाटेवरच्या माणसांकडे बघितलं. माणूस पुरता शुद्धीवर आला आहे की नाही हे मला कळतं, तेवढं माझं शिक्षण झालेलं आहे. इंगळे पुरते शुद्धीवर आले होते. त्यांनी हळूच डोळे पुन्हा मिटून घेतले.

"मी अजून आलो नाही, साहेब," ते म्हणाले. "आखीन एक बार म्हना."

मी पोतं जरा पुढे ओढलं आणि हाक मारली.